आत्येचा पगार

मंदीची सालं होती, आणि नेमकी तेव्हाच सरकारला इन्कमटॅक्सची पायरी खाली आणायची बुद्धी सुचली. तोवर तो मोठ्या व्यापाऱ्यांच्या डोक्याचा ताप होता. आता आमच्यासारख्यांच्याही दारात आला. आमचा धंदा तो केवढा! रत्नागिरीत घरामागच्या पडवीत आंब्याचा रस आटवायचा, त्याची पोळीसारखी साठं वाळवायची, आमसुलं करायची आणि बोटीने मुंबईला धाडायची. धंदा बाबांच्या नावावर, पण तोलून धरला होता आत्येने. बाबांची ही थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्याने माहेरी आणून सोडली, ती परत गेलीच नाही. सगळा उन्हाळा ती चुलीपुढे उभी असायची.

वकिलाने बाबांना समजावलं की धंद्याचा खर्च वजा जाता जे उरेल त्यावरच कर. सरपण वजा जाईल, बोटीचं भाडं जाईल, गड्यांची मजुरी जाईल. घरच्या माणसांचं जेवणखाण मात्र जाणार नाही, मग ती कितीही राबोत. एवढं वजा करूनही कर बसतच होता, आणि तो भरला तर पुढच्या मोसमाचे आंबे घ्यायला हातात काही उरत नव्हतं. मग वकिलानेच वाट काढली. बहीण राबतेच आहे ना? तिला बहीण नव्हे, परकी पगारी बाई म्हणून दाखवा.

बाबा घरी येऊन नुसते येरझारा घालत होते. शेवटी त्यांनी आत्येला विचारलं. मला वाटलं, ही आता कलथा घेऊन उठते. तिने एवढंच विचारलं की त्याने धंदा तगेल का. बाबा हो म्हणाले, तशी ती बरं म्हणाली.

इन्कमटॅक्सचा साहेब खरंच चौकशीला घरी आला. आपल्यातलाच माणूस, सभ्य. त्याला उगाच कशाला दोष देऊ? त्याने पडवीत जाऊन आत्येला विचारलं, तुम्ही या घरच्या कोण? आत्या देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. खोटं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"मी इथे पगारावर आहे," ती म्हणाली.

खर्च मंजूर झाला, कर टळला. आईने गोडाचं केलं. आत्या पंगतीला आलीच नाही. ताट घेऊन मागल्या पडवीत, गडी जेवायला बसत त्या जागी जाऊन बसली. आम्हाला वाटलं, रागावली. राग असता तर बरं झालं असतं हो, राग उतरतो. ती बाई खोटं बोलली होती, आणि आता ते खरं करत सुटली होती. माजघरातलं अंथरूण तिने पडवीत नेलं. बाबांना अरेतुरे करायची, ती अहोजाहो करू लागली. महिना भरला की पगार मागून घेई, आणि त्यातून आपल्या जेवणाचे पैसे आईच्या हातावर ठेवी. आई बिचारी रडायची नुसती.

बाबा एकदा तिच्या पाया पडले. ती म्हणाली, साहेबाला जाऊन सांगा की ते खोटं होतं, मी आत्ता माजघरात येते. कबूल केलं तर कर आणि वर दंड. धंदाच बसला असता. मला त्यांचा इतका संताप आला, आणि कीवही. उठून साहेबाकडे जायचं होतं, दुसरं काय? पण नाही गेले.

दिवाळी आली. भाऊबीजेला आईने पाट मांडला, निरांजन लावलं. ओवाळणीचं नवं लुगडं मांडीवर घेऊन बाबा बसून राहिले. आईने हाका मारमारून बोलावलं, तेव्हा आत्या पडवीच्या दारापर्यंत आली. उंबरा काही तिने ओलांडला नाही.

"मालकांना बहीण नाही," ती म्हणाली. "साहेबाने तसं लिहून नेलंय."

आईने निरांजन उचलून देवापुढे नेऊन ठेवलं. बाबा गेले त्या सालापर्यंत भाऊबीजेला त्यांचं कपाळ कोरडंच राहिलं.