धुराच्या नळीवरचा कलश

माझे बाबा दुसऱ्या महायुद्धात होते, पण त्यांनी एकही गोळी झाडली नाही. इजिप्तच्या वाळूत ते इंग्रजांच्या पलटणीचे ट्रक आणि बुलडोझर दुरुस्त करत. तरी आमच्या बेटावर, रोझ बेलला परतल्यावर गाव त्यांना 'कापोराल', म्हणजे फौजेतला नाईक, म्हणू लागलं. बाबांनी ती पदवी इतकी मनावर घेतली की ते घरात आले की सगळ्यांनी उठून उभं राहावं, अशी त्यांची अपेक्षा असे. आई तेवढी बसलेली असे.

उसाच्या शेतांतले काळे दगड उपटणारे मळ्याचे बुलडोझर आता त्यांच्या ताब्यात होते. इंजिन बिघडलं की ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटत. घरी हाच प्रयोग रेडिओवर होई, शिवणयंत्रावर होई. एकदा आईला खोकला झाला तेव्हा तिच्याही पाठीला ते स्क्रू-ड्रायव्हर लावून उभे होते. पुढे मी पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली. ती त्या तेलकट हातांमुळे मिळाली, हे मी कधी विसरले नाही. पण म्हणून त्यांची थट्टा करू नये असं काही मला वाटत नाही. ती आईने आम्हाला लहानपणीच शिकवली होती.

आईचा गुडघा अधू होता. उसाची मोळी डोक्यावर असताना ती दगडांत पडली, तेव्हापासून तिला लांब चालवत नसे. आमच्या घरी गणपती बसे, आणि विसर्जनाला पुरुष मंडळी तो डोक्यावर घेऊन गावाबाहेरच्या नदीवर जात. आई फाटकापर्यंत येई, हात जोडी, आणि आत जाऊन रिकाम्या पाटापाशी बसून राही. साठ सालानंतरच्या एका वर्षी मात्र ती म्हणाली, "यंदा मी नदीवर जानार. माजा गनपती मीच पान्यात सोडनार."

"कोरेक," बाबा म्हणाले. म्हणजे ठीक. म्हणजे हुकूम मिळाला.

मळ्याने भंगारात काढलेला एक ट्रॅक्टर मागून आणून त्यांनी अंगणात उभा केला. दर रविवारी तो उघडत, पुसत, पुन्हा जोडत. मागे लावायला ट्रेलर मिळाला. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी हँडल मारलं आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. बाबा त्याच्याकडे असे बघत होते की आई मला हळूच म्हणाली, "लग्नात माज्याकडं असं नाय बगितलं."

सकाळी आईने ट्रॅक्टरची पूजा केली. यंत्र असो की विळा, कामाला लावण्याआधी हळदकुंकू लावायचं, ही आमच्याकडची रीतच. बॉनेटवर झेंडूची माळ घातली. पुढे धुराची नळी सरळ वर उभी होती, तिचं तोंड थेट कलशासारखं दिसत होतं. आईने तिच्यात आंब्याची पानं खोवली, वर नारळ ठेवला, आणि रस्त्यात पडू नये म्हणून चांगला दाबून बसवला. बघणाऱ्या सगळ्यांना ते फार शोभून दिसलं. मलाही.

उत्तरपूजा झाली. मूर्ती जागेवरून हलवली. एकदा हलवली की त्याच दिवशी न्यायची, त्यात बदल नाही. आई मूर्ती मांडीवर घेऊन ट्रेलरमध्ये बसली. गणपतीपुढे झाकडी नाचणारे तयार झाले, ढोलकी सुरू झाली. बाबांनी हँडल मारलं.

काही नाही.

पुन्हा मारलं. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. बाबांनी डिझेल पाहिलं, फिल्टर पाहिला, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. ढोलकीवाल्यांना दटावलं, "आवाज बंद! मला आयकू येत नाय!"

"आयकायला काय हाय, कापोराल?" शेजारचे काका म्हणाले. "ते तर मेलंय. द्या हिकडं मूर्ती, डोक्यावर नेतो."

 आईने मूर्तीभोवतीचा हात घट्ट केला. बाबांनी ते पाहिलं. "ढकला!" ते ओरडले आणि स्टिअरिंगवर चढून बसले.

झाकडीवाले मागून ढकलू लागले. उतार लागला, वेग आला, आणि बाबांनी गिअर टाकून क्लच सोडला. असा धडाका झाला की पुढच्या वळणावरचे कुत्रे पळाले. नारळ आकाशात गेला आणि उसात कुठेतरी पडला. इंजिन धडधडू लागलं.

आमचे कापोराल मात्र "टेक कव्हर!" म्हणून स्टिअरिंगखाली गेले होते.

"आवो," ट्रेलरमधून आई ओरडली, "गाडी कोन चालवतंय?"

बाबा वर आले. टोपी सरळ केली. नळीच्या तोंडावर जळकं आंब्याचं पान चिकटलं होतं, ते त्यांनी पाहिलं, नारळ गेला त्या उसाकडे एकदा बघितलं, आणि थेट नदीचा रस्ता धरला.

नदीवर आई शेजारच्या दोघी बायकांच्या आधाराने पाण्यात उतरली. मूर्ती तिने स्वतः सोडली. माती विरघळेपर्यंत ती बघत राहिली, आणि मग तशीच उभी राहिली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. काठावर ट्रॅक्टर धडधडत होता. बंद करायची बाबांची हिंमत नव्हती.

"चल गं," ते ओरडले, "इंजिन बंद पडलं तर पुन्ना ढकलावं लागंल. चढ हाय!"

आईने मागे वळूनही पाहिलं नाही. "इतकी वर्सं मी फाटकावर थांबले," ती म्हणाली. "आता तुमचं यंतर थांबू दे."

झाकडीवाल्यांनी चढाकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. बाबांनी हात घालून इंजिन बंद केलं, आणि पलटणीतले बूट न काढताच पाण्यात उतरून आईच्या शेजारी जाऊन उभे राहिले.