दादींच्या दोन जोडीदारणी

लग्न होऊन मी बदलापूर गावात आले, त्याला दोन वर्षं झाली होती. यजमान अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होते. घरची भातशेती थोडी, खाणारी तोंडं जास्त. मला शिवण येत असतं तर बरं, असं सगळ्यांनाच वाटायचं. फाळणीनंतर अंबरनाथजवळ वसलेल्या सिंधी छावणीत, कॅम्प पाचला, निर्वासित बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघालाय आणि आपल्याकडच्या बायकांनाही घेतात, असं यजमानांनी कुठूनतरी ऐकून आणलं. सासूबाई चार दिवस गप्प राहिल्या आणि पाचव्या दिवशी जा म्हणाल्या.

मी अंबरनाथला उतरून पायी जायची. वर्ग एका जुन्या लष्करी बराकीच्या टोकाला होता. लांबच लांब विटांची बराक, वर कौलं. मधल्या भागात गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबं राहायची. आमच्या टोकाला बारा मशिनं होती, शिकणाऱ्या आम्ही बाराजणी, आणि मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल. शिकवणाऱ्या बाईंना सगळ्याजणी दादी म्हणायच्या. दादी म्हणजे आजी असं मला वाटायचं, पण सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात हे मला तिथे कळलं. त्या तेव्हा चाळिशीच्याही आत असतील. उंच, सडपातळ, बोलणं अगदी कमी. सिंधी, हिंदी आणि आमच्याकडून उचललेले चार मराठी शब्द मिळून त्यांची एक भाषा झाली होती, आणि ती सगळ्यांना कळायची.

दादींचे काही नियम होते, त्यांचा बायकांना जाच वाटायचा. दाराजवळ मशिन ठेवायचं नाही. मशिनांच्या मधल्या वाटेत पिशवी, चप्पल, डबा काही दिसता कामा नये. दाराचा आडणा काढून त्यांनी कुठे ठेवला होता कोण जाणे, दार कायम सताड उघडं. थंडीत आत वारा घुसायचा आणि कापडं उडायची. शिवाय दर शनिवारी सुटायच्या आधी त्या टाळी वाजवून मोठ्याने म्हणत, "जमीन!" की हातातलं काम टाकून, काहीही न उचलता, समोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभं राहायचं. तेही जोडीने. प्रत्येकीला एक जोडीदारीण नेमून दिलेली, तिचा हात धरूनच बाहेर पडायचं. दादी क्वेट्ट्याच्या. तिथल्या भूकंपात शहरच्या शहर कोसळलं, त्यातून त्या वाचल्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे तोंडावर कुणी हसत नसे. मागे मात्र हसत. आपल्याकडे कुठला आलाय भूकंप, असं मीही एकदोनदा म्हटलं असेन.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सगळ्यांना एक जोडीदारीण, दादींना मात्र दोन. एक मी, आणि दुसरी पापड लाटून विकणारी एक धिप्पाड सिंधी बाई. मला वाटायचं, त्या शिकवणाऱ्या, म्हणून त्यांचा मान.

ते घडलं ते भातकापणी उरकल्यानंतर, दुपारी. मी बाही जोडत होते. टेबलावरच्या कात्र्या एकमेकींवर वाजायला लागल्या. टेबलाला कुणाचा धक्का लागला असेल म्हणून मी वर बघितलं, तर टेबलाजवळ दादी एकट्याच उभ्या. मग पायाखालून काहीतरी घरघरत गेलं. रिळं घरंगळली, मोकळ्या मशिनांची चाकं आपोआप फिरायला लागली आणि वरून कौलांमधली धूळ अंगावर आली. टाळी कुणीच वाजवली नाही. पण बायका उठल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी पिशवी घेतली नाही. हात धरून, दोघी दोघी, त्या दारातून बाहेर गेल्या. पुढच्या जोडीला वाट देत गेल्या, हे मला अजून आठवतं. दादींना पाठीमागे हसणारी सगळ्यात फटकळ बाई स्वतःच्या जोडीदारणीला जवळजवळ उचलून नेत होती.

दादी मात्र हलल्या नाहीत. एका हातात खडू, दुसरा हात टेबलावर पालथा, डोळे समोरच्या भिंतीवर. मी दादी, दादी म्हणत त्यांचा हात ओढला. तो हात लाकडासारखा झाला होता. तेवढ्यात पापडवाली आली, तिने त्यांना कमरेतून धरलं, मी खांद्याला धरलं, आणि आम्ही त्यांना तशाच उचलून बाहेर आणलं. आम्ही बाहेर पडलो आणि मागे कौलांची एक ओळ सरकून खाली आली.

सगळं मिळून जेवढा वेळ सांगायला लागला तेवढाही लागला नसेल. जमीन थांबली. बराकीतून माणसं बाहेर आली होती. एक म्हातारा उघड्या अंगाने, चेहऱ्याला साबण लावलेला, तसाच उभा होता. दोन बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या. दादी जमिनीवर बसल्या होत्या.

मग कुणालातरी जळका वास आला. आत कोळशाची इस्त्री कलंडली होती आणि दारातून धूर दिसायला लागला. पलीकडे गोणपाटाचे पडदे, कपडे, अंथरुणं. पेटलं असतं तर अख्खी बराक गेली असती. पण आत जायचं कुणी? पुन्हा हललं तर? सगळ्याजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले, हे कबूल करते.

दादी उठल्या. त्यांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं. भिंत खालपासून वरपर्यंत नीट बघितली, कान देऊन थोडं थांबल्या. मग शेजारच्या बाईची पाण्याची बादली उचलली आणि चालत आत गेल्या. मी मागे निघाले तर वळून म्हणाल्या, "तू बाहेर राहायचं." आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, फसफस झाली. थोड्या वेळाने त्या इस्त्री हातात घेऊन बाहेर आल्या. एका ब्लाउजचं कापड तेवढं जळालं होतं.

मला राहवेना. मघाशी तुमचे पाय हलत नव्हते, आणि आत्ता आत कशा गेलात, असं मी विचारलं. बायका ऐकत होत्या. दुसरं कुणी असतं तर विषय टाळला असता.

त्या म्हणाल्या, "क्वेट्ट्यातही असंच झालं होतं. मी सोळा वर्षांची, नवी सून. दरवाजा तीन पावलांवर होता, पण पाय उठले नाहीत. सासूने मला धक्का दिला. मी बाहेर पडले, ती आतच राहिली."

त्यांनी पदराने हात पुसले.

"जमीन हलते तेव्हा माझे पाय माझे नसतात. हे मला माहीत आहे. म्हणून तर दोघींना नेमून ठेवलं होतं. थांबली, की मग मी ठीक असते."

आपण कुठे कमी पडणार हे ज्या बाईला इतकं स्वच्छ माहीत होतं, तिने विचारल्यावर ते लपवलं नाही आणि त्यावर ती कधी रडतही बसली नव्हती. आपल्याला उचलायला दोन धडधाकट बायका नेमल्या आणि इतर सगळ्यांना चालायला शिकवलं. आम्ही ज्याला भित्रेपणा म्हणत होतो, तो नुसता विचार होता, वर्षानुवर्षं केलेला.

घरी आले तर सासूबाई काही झालंच नाही म्हणत होत्या. "गाडी गेली असंल रस्त्यानं." पण आमच्याकडे मोळी घेऊन येणारी डोंगरातली ठाकरीण अंगणात बसली होती, तिने खरं सांगितलं. हंड्यातलं पाणी हिंदकळलं, तसं तिने सासूबाईंना हात धरून अंगणात आणलं, खाली बसवलं आणि जमीन शांत होईपर्यंत सोडलं नाही. उभं राहिलं की पडतो, बसलं की पडायचं काही उरत नाही, असं तिचं म्हणणं. तिला हे कुणी शिकवलं, ते तिला सांगता आलं नाही. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा ओटीवर बसवून चहा दिला. सासूबाई बघत होत्या.

मोठा भूकंप नव्हताच तो. कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाला बाराही जणी आल्या, पडलेली कौलं शेजारच्या पुरुषांनी चढवून दिली. जळालेल्या कापडाच्या मालकिणीकडे दादी स्वतः गेल्या आणि तिला नवीन ब्लाउज शिवून दिला.

पुढे मी घरी शिवणकाम सुरू केलं, तेव्हा दादी एकदा बदलापूरला आल्या. मशिन बघायच्या आधी त्यांनी घर बघितलं. माळ्यावर, बरोबर सासूबाईंच्या अंथरुणाच्या वर, जुनं दगडी जातं ठेवलेलं होतं. दादींनी ते दाखवलं आणि सासूबाईंना हिंदीत काहीतरी सांगितलं. सासूबाईंना हिंदी येत नव्हती. दोघी बराच वेळ माळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. संध्याकाळी यजमान आणि दीर कामावरून आले, तर सासूबाईंनी त्यांना हातपाय धुऊ न देता आधी ते जातं खाली उतरवायला लावलं.