मागे हटायची वाट

सोमाअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रामनगरला लाकूडकापणी मशीनची साखळी कानशीनं घासत बसलो होतो. चार दिवसांचा ताप, आणि माणूस संपला. मी फोन ठेवला आणि साखळीचे राहिलेले दात घासून पुरे केले... रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती लाज जुनी आहे.

गावाकडं कुंभारवाड्याच्या रानात मशीन चालवायला मला अण्णानंच शिकवलं. झाड पडताना तिरकं मागे हटता यावं म्हणून तो आधी कोयत्यानं मागची झुडपं साफ करायचा आणि त्या वाटेनं दोनदा चालून बघायचा. पुढे बेळगावकडच्या एका ठेकेदाराबरोबर आम्ही दोघं हिमाचलात गेलो, विजेच्या तारांखालची देवदारं तोडायला. अण्णानं कोयताही बरोबर घेतला होता. तिथं हवा इतकी विरळ की मशीनला जोर नाही, नुसता धूर. अण्णानं कान देऊन पेट्रोलचा स्क्रू किंचित आवळला आणि मशीन ताळ्यावर आलं. माणसाला असा स्क्रू नसतो म्हणत पहिले दोन दिवस त्यानं मशीन उचललंच नाही. नंतरही वाट साफ केली की श्वास जागेवर येईपर्यंत तो बसून राहायचा. माझी सहा झाडं व्हायची तेव्हा त्याची तीन. ठेकेदारानं मला कारण विचारलं.

"भितोय त्यो," मी म्हणालो.

त्याच दुपारी अण्णाचं मशीन काढून घेतलं आणि त्याला फांद्या ओढायला लावलं. पुढच्या आठवड्यात उतारावरच्या एका देवदाराला मी वाट न करताच भिडलो. धाप लागलेली. बुंधा कडाडला आणि खोड भलतीकडेच फिरलं.

"मागं ये, वाट हाय," अण्णाचा आवाज आला.

वळलो, तर खरंच वाट होती. झुडपं नुकतीच कापलेली. फांद्या ओढता ओढता त्यानं ती माझ्यासाठी करून ठेवली होती, म्हणून मी वाचलो.

आणि गावी येऊन मी काय सांगितलं? अण्णा तिकडं वर डोंगरात घाबरला! उळवीच्या जत्रेत लोक त्याला तोंडावर पळपुटा म्हणायचे, मीही हसायचो. एकदा एकट्यात विचारलं, अण्णा, तू खरं का सांगत नाहीस?

"तूच सांगशील की कवातरी," एवढंच म्हणाला...

बाराव्याला अण्णाच्या बायकोनं, वैनींनी, चहा दिला. म्हणाल्या, "तकडं हे भ्याले, पर तू संबाळून घेतलास बाबा." दाराशी अण्णाचा कोयता खुंटीला होता. त्याच पात्यानं माझी वाट झाली होती, हे तिथंच सांगायचं होतं. मी चहा संपवून उठलो.

म्हणून हे मासिकात छापायला लिहिलं. अंक आला की घेऊन जाणार आहे आणि त्या कोयत्याखाली बसून वैनींना मीच वाचून दाखवणार आहे. या खेपेला मध्येच उठायचं नाही.