उंची कुठपर्यंत?

आमच्या शिवणबाईच्या हातात जादू आहे असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत. तिच्याकडे नजर आहे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत तिला त्याचं वैगुण्य दिसलेलं असतं. एक खांदा उतरलाय? आतून पॅड. पोट सुटलंय? चुण्या अशा बसवायच्या, की पोट कुठे संपलं आणि कापड कुठे सुरू झालं ते सख्ख्या नवऱ्याला कळू नये. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे तिचं ब्रीद. मी तिच्या शेजारी बसून काजं-बटणं करते. तोंडाची फटकळ आहे, पण तिच्या कामापुढे माझीही बोलती बंद व्हायची.

तिची एकुलती एक लेक बारकी जन्मापासून एका पायाने अधू. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि जाड तळाचा बूट. चालली की टक्-धप, टक्-धप. बारकीचे सगळे कपडे आईनेच शिवलेले, आणि सगळे घोट्यापर्यंत. आता ती एका दवाखान्यात फोन घ्यायच्या नोकरीला आहे, तरी उंची तीच. पोर कधी काही बोलली नाही. आम्ही समजलो, तिलाही तसंच हवंय.

मग बारकीला कॉम्प्युटरवरच्या एका खेळाने झपाटलं. त्यात एक लोहारीण आहे. लढाईत तिचा पाय जातो, तेव्हा ती स्वतःच भट्टी पेटवून लोखंडाचा पाय घडवते. ती चालली की टक्-धप असा आवाज येतो आणि त्याच ठेक्यावर तिचं गाणं सुरू होतं. बारकी दुकानात येऊन ते गाणं मोबाईलवर लावायची आणि बुटाने ताल धरायची.

"काकू, हा ठेका ओळखीचा वाटतो का?"

"तुझाच चोरलाय मेल्यांनी," मी म्हणायची. पोर खिदळायची. शिवणबाईचं मशीन मात्र तेवढ्यापुरतं जोरात धावायचं.

या खेळाच्या चाहत्यांचा मेळावा ठरला. आपल्या आवडत्या पात्राचा वेश करून स्टेजवर यायचं. बारकीने चित्र आणलं: चामड्याच्या रंगाचा जाडाभरडा झगा, गुडघ्यापर्यंत, आणि खाली लोखंडी पाय लख्ख. "आई, अगदी असाच शिव हं." आई हो म्हणाली. कमरेपर्यंतचा भाग बारकीने घालून बघितला आणि आरशासमोर गिरकी घेतली. खालची कड नेहमीसारखी शेवटी करायची म्हणून राहिली. ती शिवणबाईने घरी बसून पुरी केली आणि झगा इस्त्री करून, घडी घालून थेट हॉलवर आणला.

हुक लावायला म्हणून मीही गेले होते. कपडे बदलायच्या खोलीत सगळी जत्रा: कुणाला शिंगं, कुणाला पंख, एका जाड्याने तर निळा रंग फासलेला. बारकीने झगा अंगात घातला आणि तो घसरत घसरत थेट घोट्यापर्यंत आला. खाली सुरेख हाताने शिवलेली किनार. शिवणबाई गुडघ्यांवर बसून टाचण्या लावत घेर सारखा करत होती. दोन टाचण्या ओठांत धरून, मान वाकडी करून तिने पाहिलं आणि टाचण्यांआडूनच समाधानाने म्हणाली, "बघ, कळतसुद्धा नाही!"

कुठल्याही गिऱ्हाईकाने हे ऐकून तिचे हात हातात घेतले असते.

"काय कळत नाही?" बारकीने विचारलं.

तेवढ्यात निळा जाड्या जवळ आला. "ताई, तुम्ही कोण झालायत?" त्याचा काही दोष नव्हता. पाय झाकलेली लोहारीण कोण ओळखणार? बारकी आईकडे वळली.

"आई, तुला माझी लाज वाटते?"

शिवणबाईने मूग गिळावेत तशा त्या टाचण्या ओठांत घट्ट धरल्या. टाचण्या काढायला कितीसा वेळ लागतो? पण तिने त्या काढल्या नाहीत. तिचं तोंड पार उतरलं. माझीच मान खाली गेली, तिचं काय झालं असेल!

बारकीने खाली वाकून आईच्या पिशवीतली कात्री घेतली. आईचा हात आडवा आला आणि आपणच मागे गेला. पोरीने गुडघ्याशी कात्री लावली आणि करकरत झगा कापला, वेडावाकडा, दोरे लोंबत. किनार तशीच जमिनीवर पडली.

ती स्टेजवर गेली. टक्-धप. एवढं ऐकलं आणि सगळा हॉल पाय आपटू लागला. वाद्यं मागाहून सुरू झाली. शेकडो माणसं माझ्या बारकीच्या चालीवर ताल धरत होती आणि ती, जन्मभर पाय ओढत भिंतीच्या कडेने चालणारी पोर, मधोमध उभी होती. मी रडले, त्यात काय लपवायचं?

शिवणबाई पडद्याआड होती, कापलेली किनार मुठीत धरून. एक मुलगी तिला म्हणाली, "ड्रेस तुम्ही शिवलात? ती फाटकी कड काय भारी जमलीय!"

"वरचा मी शिवला," शिवणबाई म्हणाली. "कड तिची." आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

नंतरच्या आठवड्यात बारकी दवाखान्यात घालायच्या ड्रेसचं कापड घेऊन आली. शिवणबाईने टेप उचलला. तोंडातल्या टाचण्या काढून आधी डबीत ठेवल्या. मग विचारलं, "उंची कुठपर्यंत ठेवू?"

हा प्रश्न ती दिवसभर गिऱ्हाईकांना विचारते. पोरीला पहिल्यांदा विचारत होती.

"तू सांग," बारकी म्हणाली. "तुला कुठपर्यंत चालेल?"

मी बटणाचा दोरा तोडायचा विसरले.

"वाटत होती," शिवणबाई अगदी हळू म्हणाली. "लाज. तुझीच."

"मला माहीत होतं गं, आई. म्हणून तर कधी विचारलं नव्हतं." बारकीने कापडाची घडी मोडली. "गुडघ्यापर्यंत ठेव."

शिवणबाई तिच्या पायाशी बसली आणि कापड लावून गुडघ्याशी खडूने रेघ ओढली.