अर्ध्या चढावरून परत

गेल्या वर्षी जुलैतल्या एका शनिवारी, ओरेगनमधल्या एका जुन्या ज्वालामुखीच्या अर्ध्या चढावरून मला खाली पाठवण्यात आलं. पाठवणारी गाइड माझी मुलगी होती.

तिने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं. त्यावर मी जे बोललो, त्यानंतर दोन वर्षं ती चँडलरच्या आमच्या घरी आली नव्हती. आईशी फोनवर बोलायची, माझ्याशी नाही. म्हणून मी तिच्या कंपनीच्या वेबसाइटवर एका दिवसाच्या हाइकची एक जागा बुक केली. निदान एक दिवस ती माझ्याबरोबर चालेल.

पार्किंग लॉटमध्ये आम्ही आठ जण होतो. तिने सगळ्यांचे फॉर्म तपासले.

"एनी हार्ट इश्यूज?"

"नो."

इतर सात जणांनाही तिने याच आवाजात विचारलं होतं.

मार्चमध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली होती. मुलीला कळवायचं नाही, असं मी आणि पत्नीने हॉस्पिटलमध्येच ठरवलं. माझ्या वडिलांचं ऑपरेशनही मला महिन्याने कळलं होतं. आमच्या घरी लांबच्या माणसाला असं काही कळवत नाहीत.

पहिल्या थांब्यावर मी लाडवांचा डबा उघडला आणि शेजारच्या बाईंपुढे धरला. मुलगी लगेच आली.

"नो शेअरिंग, प्लीज. ॲलर्जीज." मग हळू आवाजात, "शेंगदाण्याचे आहेत ना?"

"तुला आवडतात म्हणून."

"ग्रुपसमोर नको, बाबा."

ती पुन्हा सगळ्यांच्या पुढे गेली. मी शेवटून दुसरा होतो. माझ्यामागे तिचा सहकारी गाइड.

पुढे झाडी संपली आणि खाली तळं दिसलं. ते गडद निळं होतं आणि त्यावर एकही होडी नव्हती. मुलगी त्याच्या खोलीविषयी माहिती देत होती. बाकीचे फोटो काढत होते. माझी छाती आवळून आली होती. मी एका खडकामागे बसलो आणि गोळी जिभेखाली ठेवली. वर पाहिलं तर ती समोर उभी होती.

"कसली गोळी?"

"ॲसिडिटीची."

"ॲसिडिटीची जिभेखाली ठेवतात? बाबा, आम्हाला ट्रेनिंग असतं."

मी सगळं सांगितलं.

"आईला माहीत होतं?"

"हो."

"अँड ऑन द फॉर्म यू रोट नो."

तिने घड्याळ लावून नाडी मोजली. दहापैकी किती दुखतंय, असं विचारलं. मी तीन म्हणालो. ते खरं होतं. दहा मिनिटांनी दुखायचं थांबलं. तिने रेडिओवरून खाली कळवलं आणि सहकाऱ्याला माझी बॅग घेऊन मला खाली न्यायला सांगितलं.

"तू चल ना माझ्याबरोबर."

"वर सात लोक थांबलेत, बाबा."

खाली पॅरामेडिकने ईसीजी काढला. तो ठीक आला. सहकारी निघून गेल्यावर मी गाडीत बसून राहिलो.

चार वाजून वीस मिनिटांनी गट उतरला. तिने माणसं मोजली, प्रत्येकाचा निरोप घेतला. मग आपल्या गाडीपाशी पाठमोरी उभी राहून आईला फोन लावला. तो पंचवीस मिनिटं चालला. मला शब्द ऐकू येत नव्हते.

नंतर ती माझ्या खिडकीशी आली.

"सगळे रिपोर्ट्स मला ईमेल कर. सगळे."

एवढं बोलून ती गेली. मी मोटेलवर पोचून सात वाजता रिपोर्ट पाठवले. आठ वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं: गॉट इट.