कर्नेलमधल्या नकला

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. कुणाचाही कोड तिच्या हाती पडला की तो छाटूनच परत यायचा. आता मात्र अख्ख्या ऑफिसचा जीव त्याच छाटणीवर टांगणीला लागला होता.

त्यांची कंपनी रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप बनवायची. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पंपाने तिथल्या तिथे थांबून ओरडायला हवं. हे पंप कधीकधी उशिरा ओरडत होते. दुरुस्ती लिहून तयार होती, पण पंपाच्या चिपमध्ये ती मावत नव्हती. कात्रीची ताई इस्पितळात नर्स. दुरुस्ती येईपर्यंत तिच्या वॉर्डात नर्सेस आळीपाळीने नळ्यांवर नजर ठेवून बसत होत्या. "किती दिवस असं बसायचं गं?" ताईने फोनवर विचारलं.

चिपमधली बरीचशी जागा अडवली होती कर्नेलने, म्हणजे पंप चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामने. तो सरांनी लिहिलेला. कात्रीला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. सरांना वेगाचं भारी वेड. एखादं छोटं काम एका जागी लिहून ठेवावं आणि लागेल तेव्हा तिथे उडी मारावी, ही सरळ रीत. सर ती उडीही वाचवत. लागेल तिथे त्या कामाची अख्खी नक्कलच छापत; त्याला म्हणायचं इनलाइन. वर जागोजागी यंत्राशी थेट बोलणारे असेंब्लीचे तुकडे. अशा नकलांनी कर्नेल फुगून बसला होता.

त्या काढून एकेकच प्रत ठेवू, असं कात्रीने बैठकीत सुचवलं. सरांचा चेहरा ताठरला. उड्या वाढल्या की पंप मंदावेल, ओरडायला आणखी उशीर करेल, आणि मग रुग्णाचं काही झालं तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं. वेळ मोजून दाखवल्याशिवाय एकही पंप बाहेर जाणार नाही, असं ती म्हणाली. सर उठून गेले.

ती एकेक काम सुटं करत गेली. कर्नेल आटत गेला आणि दुरुस्ती आत बसली. तिने पंप चालू केला. पडदा काळाच. पुन्हा चालू केला, पुन्हा काळाच. मॅनेजर हाताची घडी घालून मागे उभा राहिला. ताईचा फोन वाजत होता. तिने तो उलटा ठेवला. सगळं पूर्ववत करणं सोपं होतं, पण मग दुरुस्तीही गेली. ती सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, पंप उठतच नाहीये. माझं काय चुकलंय ते बघता?"

सरांना टोमणा मारता आला असता. त्यांनी खुर्ची ओढली आणि वाचत राहिले. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही नक्कल इथेच हवी. पंप जागा होत असतो तेव्हा तू मेमरीत जिथे उडी मारतेस तिथे अजून काही भरलेलंच नसतं." मग जरा ओशाळून म्हणाले, "हे मी कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं."

तेवढी एक नक्कल परत गेली आणि पंप उठला. कात्रीने सिरिंजने नळीत हवा ढकलली. पंप ओरडला, तोही पूर्वीपेक्षा लवकर. आटोपशीर झालेला कर्नेल प्रोसेसरच्या जलद मेमरीत मावत होता. उड्यांत गेलेला वेळ तिथे भरून निघाला होता. सरांचा विश्वास बसेना. सिरिंज स्वतःच्या हातात घेऊन त्यांनी चाचणी पुन्हापुन्हा केली, तेव्हा कुठे मान हलवली.

वॉर्डातले पंप एकेक करून बदलले. ताईने रुग्णाला न जोडलेल्या पंपावर स्वतः खात्री केली आणि नर्सेसना नळ्यांपुढून उठवलं.

पुढच्या बैठकीत सरांनी स्वतःचे असेंब्लीचे तुकडे पडद्यावर लावले. "यातलं काय ठेवायचं?" त्यांनी कात्रीला विचारलं. पहिल्याच तुकड्यावरून दोघांची चांगलीच जुंपली.