विलासचा दहा नंबरचा बूट

दुकान चपलाबुटांचं असलं की माल निघून जातो आणि किस्से मागे उरतात. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत तर महागावातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा गप्पा मारणारेच जास्त यायचे. त्यातलेच हे, सगळे एका बुटाचे.

*

होलसेलवाल्यानं बास्केटबॉलचे बूट माझ्या गळ्यात मारले. पांढरे-लाल, घोट्याच्या वर चढणारे. म्हणाला, जुनी फॅशन परत आली आहे. फुलसावंगीचा विलास माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला हे सांगितलं, तर म्हणतो, "जुनी फॅशन हाय, तं जुन्या भावात दे."

*

विलासला ते बूट हवे होते पोरगी पाहायला. शेतकरी म्हटलं की सगळीकडून नकार यायचा. कळंबचं स्थळ शेवटचं, तिथं नाही जमलं तर लग्नाचा नाद सोडायचा, असं त्यानं ठरवलं होतं. मला फार वाईट वाटायचं.

बूट घालून तो म्हणाला, "दिसते झकास, पण पाय उकडून राह्यले." मग सँडल घातली. "आराम हाय, पण आता मी शेतकरी दिसतो."

"अबे, तू शेतकरीच हायस ना."

"थेच तं लपवाचं हाय!"

एका पायात बूट, एका पायात सँडल, असा तो दुकान बंद होईस्तोवर बसून होता.

*

दुसऱ्या दिवशी त्याचे नारायणकाका निवड करायला आले. कापसाच्या बाजारात वर चांगला माल रचलेला असतो म्हणून व्यापारी गाडीच्या बुडातला कापूस ओढून पाहतो. काकांचा जन्म त्या गाड्यांपाशी गेला. त्यांनी थप्पीतलं सगळ्यात खालचं खोकं काढायला लावलं. निघाला दहा नंबर. विलासचा पाय आठचा.

"काका, मोठा होते त्याले."

"मंग काय झालं? त्याच भावात जास्त माल."

*

कळंबला विलासनं दारात बूट काढले आणि टोकात कोंबलेला घरचा कापूस ओसरीवर सांडला. नेमकी पोरगी पाणी घेऊन आली. तिनं तांब्या ठेवला, चिमूटभर कापूस उचलला, बोटांत धरून धागा ओढून पाहिला.

"घरचा हाय काय?"

"हो," विलास म्हणाला. लपवायचं राहूनच गेलं. ती आत निघून गेली.

"आता हे हो हाय का नाही?" परत आल्यावर तो मला विचारत राहिला. मी काय सांगणार, मी बूट विकतो.

आठवड्यानं काका आले. "आठ नंबरचा जोड दे. पोरीनं निरोप धाडला, लग्नात मापाचा बूट घाला म्हणे."

मी वरचं खोकं उचललं.

"बुडातून काढ," काका म्हणाले.